नसलेल्या राज्याचा नकाशा: संमेलनाच्या मंडपात प्रेस्टर जॉन कसा मांडावा

थंडी पडली की बेळगावभोवतालची कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी एकामागून एक गावं मराठी साहित्य संमेलनाचा मंडप घालतात. मंडपाच्या एका अंगाला पुस्तकांचे स्टॉल लागतात. दुसऱ्या अंगाची कनात बहुतेक वेळा रिकामीच राहते, फार तर तिथे देणगीदारांचा फलक टांगतात. त्या रिकाम्या बाजूला बारा फूट बाय आठ फुटांचं एक प्रदर्शन सहज बसतं. त्यासाठी विषय आहे प्रेस्टर जॉनचं राज्य. हा पाद्री-राजा कधी झालाच नाही, पण युरोपनं त्याचा चारशे वर्षं शोध घेतला. पोर्तुगीज जहाजं अरबी समुद्रात उतरली त्यामागे मिरीइतकाच त्याचाही हात होता. आणि ती जहाजं शेवटी जिथे ठाण मांडून बसली ते गोवं बेळगावहून घाट उतरला की लागतं.

हा विषय मांडताना हमखास एक चूक होते. जगाचा छापील नकाशा आणतात, इथिओपियावर मुकुट चिकटवतात आणि खाली ‘प्रेस्टर जॉनचे काल्पनिक राज्य’ असं लिहून मोकळे होतात. त्यात सगळी गंमत निघून जाते, कारण हे राज्य कधी एका जागी बसलंच नाही. जिथे शोधलं तिथे सापडलं नाही की ते पुढच्या मुलखात सरकायचं. म्हणून या प्रदर्शनात एकच गोष्ट सांभाळायची: राज्य सरकताना दिसलं पाहिजे. बाकी मोजमाप, लोकर, पाट्या, सगळं त्यासाठीच.

आधी पाट्यांचे तीन रंग ठरवा

कापड आणण्याआधी मजकूर लावून घ्या. प्रत्येक पाटी तीनपैकी एका रंगाची असेल. पिवळी म्हणजे ऐकलं, पांढरी म्हणजे घडलं, निळी म्हणजे त्यापायी केलं. एका पाटीत दोन रंगांचा मजकूर आला की प्रदर्शन फसलंच म्हणून समजा. लोक ‘असा एक राजा होऊन गेला’ असं ऐकून घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं तेच सांगतात.

मुख्य टाचण्या चार. पहिली समरकंदला. पांढऱ्या पाटीवर: ११४१ मध्ये समरकंदजवळ कतवानला मध्य आशियातल्या काराखिताई राज्याचा राजा येलू दाशी यानं सेल्जुक सुलतान संजरचा दणदणीत पराभव केला. हा विजेता ख्रिस्ती नव्हता. पिवळ्या पाटीवर: ११४५ मध्ये सीरियातल्या जबला गावचा बिशप ह्यू इटलीत व्हितेर्बोला पोपकडे आला. त्यानं सांगितलं की इराणच्याही पलीकडे जॉन नावाचा एक पाद्री-राजा आहे, त्यानं मुसलमान राजांना हरवलं आणि तो जेरुसलेमच्या मदतीला निघाला होता, पण तैग्रिस नदी ओलांडता न आल्यानं परत फिरला. फ्रायझिंगच्या ऑटो या बिशपनं हे आपल्या बखरीत टिपलं. आदल्याच वर्षी, ११४४ ला, धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती लोकांच्या ताब्यातलं एडेसा शहर मुसलमान सरदार झंगीनं घेतलं होतं. ते न सांगता पुढे गेलात तर युरोपातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी हे का मानलं ते बघणाऱ्याला कळणार नाही. घाबरलेल्या माणसाला दुरून येणारी मदत लवकर दिसते. लढाई खरी होती, हरणारा खरा होता. जिंकणाऱ्याची ओळख तेवढी वाटेत बदलली.

दुसरी टाचणी मैलापूरला, आजच्या चेन्नईत, जिथे संत थॉमसची समाधी मानतात. ११६५ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट मॅन्युएल याला या राजानं लिहिलं म्हणून एक लॅटिन पत्र फिरू लागलं. त्यात राजा म्हणतो: मी ‘तीन इंडियां’चा धनी आहे, बहात्तर राजे मला खंडणी देतात, संत थॉमसची समाधी माझ्या मुलखात आहे, माझ्या राज्यात कुणी खोटं बोलत नाही. तारुण्य परत देणारा झरा आहे, सगळं राज्य दाखवणारा आरसा आहे. पत्र बनावट होतं. त्याच्या लॅटिन हस्तलिखितांच्याच दोनशेवर प्रती आज माहीत आहेत, भाषांतरं वेगळीच. निळ्या पाटीवर: २७ सप्टेंबर ११७७ रोजी पोप अलेक्झांडर तिसरा यानं फिलिप नावाच्या आपल्या वैद्याला उत्तर देऊन या राजाकडे धाडलं. फिलिपचं पुढे काय झालं याची कुठेच नोंद नाही. पाटीत हेच वाक्य शेवटी ठेवा, लोक तिथे थांबतात.

पत्रात मिरीचंही वर्णन आहे. मिरी सापांनी भरलेल्या रानात पिकते आणि पीक तयार झालं की लोक रानाला आग लावून साप हुसकावतात. खानापूर-जोयड्याकडच्या बागायतीत सुपारीला चढलेले मिरीचे वेल ज्यांनी पाहिलेत ते इथे हसणारच. पाटीखाली एका वाटीत शंभर ग्रॅम काळी मिरी ठेवा. पोरं हातात घेऊन बघतात, वास घेतात, आणि त्या निमित्तानं पाटी वाचतात. दिवसभरात वाटी निम्मी होते, म्हणून आणखी शंभर ग्रॅम पिशवीत असू द्या.

तिसरी टाचणी मंगोलियात काराकोरमला. १२२१ मध्ये इजिप्तच्या दमिएत्ता बंदरात धर्मयुद्धाच्या सैन्यात बातमी आली: पूर्वेकडून ‘दाऊद राजा’ मुसलमान राज्यं मोडत येतोय. बातमी खरी होती. येणारा मात्र चंगीझखान होता. पुढे पोपच्या आणि फ्रान्सच्या राजाच्या आश्रयानं मंगोलांकडे पाद्री गेले. १२४५ मध्ये जोव्हानी दा पियान देल कार्पिने निघाला, १२५३ मध्ये विल्यम ऑफ रुब्रुक. रुब्रुकनं परत येऊन स्वच्छ लिहिलं की त्या राजाविषयी जे सांगतात ते दहापट फुगवलेलं आहे. मार्को पोलोनं तर त्याला केराइत टोळीचा ओंग खान ठरवून चंगीझखानाच्या हातून मारूनही टाकलं. तरी गोष्ट मेली नाही.

चौथी टाचणी इथिओपियात, अक्सुमला. इथे जरा जास्त जागा द्या, कारण इथे काहीतरी खरं होतं. अक्सुमच्या एझाना राजानं चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म घेतला होता आणि ते राज्य, घराणी बदलली तरी, ख्रिस्ती राहिलं होतं. राज्य आशियातून आफ्रिकेत नेणाऱ्यांपैकी एक आपल्या ओळखीच्या गावात राहून गेलेला आहे. जॉर्डानुस हा डॉमिनिकन पाद्री १३२१ मध्ये ठाण्याला होता. १३३० च्या आसपास लिहिलेल्या वर्णनात त्यानं इथिओपियाच्या सम्राटालाच ‘तुम्ही ज्याला प्रेस्टर जॉन म्हणता तो’ असं म्हटलं. त्या काळच्या ‘इंडिया’त हिंदुस्थान, त्यापलीकडचे देश आणि इथिओपिया हे सगळं मावायचं. त्यामुळे जुन्या पत्रातला एक शब्दही न बदलता राजाला समुद्रापलीकडे हलवता आलं. हे वाक्य वेगळ्या पाटीवर मोठ्या अक्षरात घ्या. ते नसेल तर ‘इंडियाचा राजा आफ्रिकेत कसा?’ हा प्रश्न दर दहा मिनिटांनी ऐकावा लागेल.

१४४१ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेला इथिओपियाचे साधू आले. तिथले धर्मगुरू त्यांच्या राजाला प्रेस्टर जॉनच म्हणत राहिले आणि साधू बुचकळ्यात पडले. त्यांच्या राजाचं नाव झरा याकोब होतं.

कापड आणि फळा

फळा सॉफ्टबोर्डचा घ्या. ८ × ४ फुटांचे, १२ मिलिमीटर जाडीचे तीन ताव उभे शेजारी-शेजारी लावले की ३६६ × २४४ सेंटिमीटर होतात. प्लायवूडवर टाचणी टिकत नाही आणि सजावटीच्या थर्माकोलवर २०२२ पासून बंदी आहे. मागे दीड इंची लाकडी पट्ट्यांची चौकट करून मंडपवाल्याच्या खांबांना बांधा. सॉफ्टबोर्ड नुसता सुतळीनं टांगला तर दुपारपर्यंत मधोमध पोट काढतो. फळ्याची खालची कड जमिनीपासून एक फुटावर ठेवा, म्हणजे गोवं आणि इथिओपिया मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर येतात.

नकाशा फळ्यावर काढू नका, कापडावर काढा, म्हणजे गुंडाळून पुढच्या गावी नेता येतो. छत्तीस इंची पन्ह्याचा कोरा मांजरपाट १२ मीटर लागतो. त्याचे तीन सारखे तुकडे करून शिंप्याकडून आडवे जोडून घ्या. जोडण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा आणि इस्त्री करा. कोरा मांजरपाट पहिल्या पाण्यात मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर तरी आटतो. न धुता आखलं आणि मग दव पडलं तर साडेतीन मीटरच्या नकाशात आखलेल्या चौकटी आणि मोजून टोचलेल्या टाचण्या यांचा मेळ राहत नाही.

माप असं: एक अंश म्हणजे अडीच सेंटिमीटर. नकाशा पश्चिमेला २० अंशांपासून पूर्वेला ११० अंशांपर्यंत, उत्तरेला ५५ पासून दक्षिणेला ३७ पर्यंत. रुंदी ३२५, उंची २३० सेंटिमीटर. वर १४ सेंटिमीटर मथळ्याला उरतात. आडव्या उरलेल्या ४१ सेंटिमीटरपैकी डावीकडे २० आणि उजवीकडे २१ सोडा. हे मनाला येईल तसं बदलू नका. नकाशा डाव्या कडेला चिकटवला तर दोन तावांचा सांधा थेट कॉन्स्टँटिनोपलखाली येतो, उजव्या कडेला चिकटवला तर रोमखाली, आणि सांध्यात टाचणी उभी राहत नाही. मधोमध ठेवला तर सांधे २१ आणि ७० पूर्व रेखांशांच्या आसपास येतात, तिथे आपल्याला काहीच टोचायचं नाही.

दर दहा अंशांना, म्हणजे २५ सेंटिमीटरवर, रेघा मारा. सुताराची दोरी गेरूत बुडवून ताणून सोडली की लांब रेघ एका फटक्यात सरळ उठते. पट्टीनं मारलेली तीन मीटरची रेघ कुठे ना कुठे वाकतेच. मग दहा अंशांच्या चौकटी असलेला छोटा नकाशा समोर ठेवून एकेका चौकटीतला किनारा उतरवा. प्रोजेक्टरनं उतरवायचा मोह होतो, पण तो थोडा जरी तिरका असला तरी कडेचे देश फाकतात आणि लिस्बन समुद्रात पडतं. किनारा पक्क्या शाईच्या मार्करनं काढा. पोस्टर कलर वापरलात तर पहाटेच्या दवानं आफ्रिका हिंदी महासागरात ओघळते. रात्री ताडपत्री टाकावीच लागेल.

आजच्या देशांच्या किंवा राज्यांच्या सीमा अजिबात काढू नका. किनारा आणि मोठ्या नद्या, बस. हा नकाशा त्या काळाचा आहे हे कारण खरंच. पण दुसरंही आहे. सीमाभागात माणूस नकाशासमोर उभा राहिला की त्याची पहिली नजर बेळगाव कुठल्या बाजूला दाखवलंय इकडे जाते, आणि मग प्रेस्टर जॉनला कुणी विचारत नाही.

टाचण्या कुठे टोचायच्या

नकाशाच्या डाव्या कडेपासूनचं अंतर: पूर्व रेखांशात २० मिळवा आणि अडीचनं गुणा. वरच्या कडेपासूनचं: ५५ मधून उत्तर अक्षांश वजा करा आणि अडीचनं गुणा. पश्चिम आणि दक्षिण उणे धरायचे. हिशेब पुन्हा करायचा नसेल तर ही तयार मापं (आधी डावीकडून, मग वरून, सेंटिमीटरमध्ये):

लिस्बन २७.३, ४०.८
रोम ८१.३, ३२.८
कॉन्स्टँटिनोपल १२२.५, ३५
एडेसा १४७, ४४.५
समरकंद २१७.५, ३८.३
काराकोरम ३०७, १९.५
अक्सुम १४६.८, १०२.३
केप ऑफ गुड होप ९६.३, २२३.५
मोझांबिक बेट १५१.८, १७५
मालिंदी १५०.३, १४५.५
कालिकत २३९.५, १०९.३
मैलापूर २५०.८, १०५
ठाणे २३२.५, ८९.५
गोवं २३४.८, ९८.८
बेळगाव २३६.३, ९७.९

लाल लोकर म्हणजे राज्याचा प्रवास: समरकंद, मैलापूर, काराकोरम, अक्सुम. हिशेबानं साडेतीन मीटर होते, गाठी आणि वळणं धरून पाच मीटर घ्या. प्रत्येक टाचणीला दोन वेढे द्या आणि ताणून बांधू नका. ताणलेली लोकर दुपारच्या उन्हात आणि रात्रीच्या गारठ्यात टाचणी तिरकी करते. शक्य असेल तर लाल लोकर आधी बांधूनच ठेवू नका. दर तासाला एखाद्या विद्यार्थ्यानं समरकंदपासून सुरू करून ती लोकांसमोर पुढे न्यावी. अक्सुमला पोचल्यावर परत सोडवावी.

निळी लोकर वास्को द गामाची, लिस्बन ते कालिकत, साडेपाच मीटर. तो ८ जुलै १४९७ ला निघाला तेव्हा त्याच्याकडे प्रेस्टर जॉनच्या नावाचं पत्र होतं. ही लोकर आफ्रिकेच्या किनाऱ्याला धरून नेऊ नका. पश्चिमेकडे खोल अटलांटिकात वळवा, नकाशाची कड ओलांडून डाव्या समासात गेली तरी चालेल. वाऱ्यांमुळे त्याला तसा मोठा वळसा घ्यावा लागला आणि नव्वदपेक्षा जास्त दिवस जमीन दिसली नाही. मोझांबिक बेटावर त्यांना सांगण्यात आलं की प्रेस्टर जॉनचा मुलूख इथून जवळच आहे. सफरीच्या रोजनिशीत लिहिलंय की आनंदानं आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ही पाटी पिवळी. मालिंदीपासून वाटाड्या घेऊन, वारा पाठीशी असताना, तेवीस दिवसांत ते मलबारला पोचले. २० मे १४९८ ला कालिकत. किनाऱ्यावर पाठवलेल्या माणसाला तिथे स्पॅनिश बोलणारे ट्युनिसचे दोन व्यापारी भेटले. काय शोधायला आलात, असं त्यांनी विचारल्यावर उत्तर मिळालं: ख्रिस्ती आणि मसाले.

पुढची पाटी लोकांना फार आवडते. कालिकतला ते एका देवळात गेले आणि त्यांना ते चर्च वाटलं. भिंतीवरचे ‘संत’ चार-पाच हातांचे आणि दात बाहेर आलेले होते अशी नोंद आहे, तरीही चर्चच वाटलं. पाटी हसवण्यासाठी लावा, हिणवण्यासाठी नको. शेजारी आपल्याकडचं एक चित्र ठेवा: पुराणांतली सात द्वीपं आणि त्यांभोवती मीठ, उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध, गोडं पाणी असे सात समुद्र. दुधाच्या समुद्राच्या शोधात कुणी गलबत हाकारलं नाही एवढाच फरक, आणि त्या फरकाची कारणं व्यापार, तोफा आणि पैसा यांत शोधावी लागतात. त्यांची समजूत आणि आपली समजूत तोलून ती सापडणार नाहीत.

लोकर परतीच्या प्रवासालाही लावायची असेल तर ती अंजदीव बेटावरून निघेल, कारवारच्या किनाऱ्यासमोरून. ५ ऑक्टोबर १४९८ ला तिथून निघालेली जहाजं २ जानेवारी १४९९ ला आफ्रिकेला लागली. जाताना तेवीस दिवस, येताना तीन महिन्यांना तीन दिवस कमी. वाऱ्याचा हंगाम न बघता निघाल्याचा हा परिणाम. वाटेत स्कर्व्हीच्या आजारानं तीसेक माणसं गेली.

गोव्याची जोडचौकट

मुख्य नकाशावर बेळगाव आणि गोवं यांत पावणेदोन सेंटिमीटर अंतर उरतं. दोन टाचण्यांची डोकी एकमेकांना लागतात आणि आपल्या भागाचं काहीच सांगता येत नाही. म्हणून उजवीकडे खाली, हिंदी महासागराच्या मोकळ्या जागेत, ४५ × ५२.५ सेंटिमीटरची वेगळी चौकट काढा. पूर्व रेखांश ७३ ते ७६, उत्तर अक्षांश १४.५ ते १८, एका अंशाला १५ सेंटिमीटर. तीत अंजदीव, गोवं, बेळगाव, दाभोळ आणि विजापूर एवढं आरामात मावतं.

इथल्या पाट्या अशा. १४७२-७३ मध्ये महमूद गावाननं बहमनी राज्यासाठी गोवं आणि बेळगाव घेतलं. पुढे दोन्ही विजापूरच्या आदिलशाहीकडे आली. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं १५१० च्या सुरुवातीला गोवं घेतलं, मे महिन्यात गमावलं आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतलं. त्यानंतर बेळगाव हे पोर्तुगीज मुलखाच्या माथ्यावरचं आदिलशाही ठाणं झालं. इथला सरदार असदखान लारी, ज्याचा दर्गा बेळगावात आहे, १५४९ मध्ये वारला. हे नाव आलं की स्थानिक माणूस पाटीजवळ सरकतोच.

मग त्याला १५१२ दाखवा. त्या वर्षी इथिओपियाच्या राणी एलेनीचा वकील मातेउस गोव्यात आला. अल्बुकर्कला वाटलं, प्रेस्टर जॉनचं माणूस शेवटी दारात आलं. या राजाच्या मदतीनं नाईल नदी तांबड्या समुद्राकडे वळवून इजिप्त कोरडं पाडायचं, असाही बेत त्यानं केला आणि त्यासाठी मदेइरा बेटावरचे खडक फोडणारे कारागीर मागितले. निळ्या पाटीत याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही: ऐकीव राजाच्या भरवशावर नदी वळवायचा कागदोपत्री बेत.

पुढचं भराभर घ्या. १५२० मध्ये पोर्तुगीज वकिलात तांबड्या समुद्रावरच्या मासावाला उतरली. तिच्यासोबतच्या पाद्री फ्रान्सिस्को आल्वारेसचा वृत्तांत १५४० मध्ये लिस्बनला छापला गेला, तोही ‘प्रेस्टर जॉनच्या मुलखाची खरी माहिती’ अशा नावानं. राजा लेब्ना देंगेल समोर बसलेला असूनही नाव जुनंच. त्या वकिलातीला तिथे पेरू दा कोव्हिल्यां भेटला. १४८७ मध्ये पोर्तुगालहून जमिनीच्या वाटेनं निघून, कालिकत आणि गोवं बघून तो इथिओपियात पोचला होता आणि त्याला परत सोडलंच नव्हतं. १५४१ मध्ये गोव्याहून गेलेल्या आरमारातून वास्कोचा मुलगा क्रिस्तोव्हां चारशे माणसं घेऊन इथिओपियाच्या मदतीला उतरला आणि पुढच्या वर्षी मारला गेला. म्हणजे राजा खोटा, पण त्याच्या नावावर मेलेली माणसं खरी.

काळाची पट्टी आणि ऑर्टेलियसचा नकाशा

उजव्या समासात ११०० ते १७०० ही सहा शतकं उभी मांडा. दहा वर्षांना साडेतीन सेंटिमीटर, एकूण २१० सेंटिमीटर. ११४१, ११४४ आणि ११४५ दीड सेंटिमीटरच्या आत येतात. तिथे चिठ्ठ्या पट्टीवर न लावता बाजूला सरकवून दोऱ्यानं जोडा. १४८७ ते १५२० मध्येही हीच अडचण येते.

पट्टीवर १५७३ ला नकाशाकार ऑर्टेलियसनं छापलेला ‘प्रेस्टर जॉन म्हणजेच अबिसिनियाचं साम्राज्य’ हा नकाशा लावा (अबिसिनिया म्हणजे इथिओपियाच). त्याची प्रत मिळते आणि तो दिसायलाही सुंदर आहे. पण वर्ष ठसठशीत लिहा. ते नसलं की लोक समजतात, माहिती नव्हती म्हणून असा काढला. उलट आहे. मातेउस गोव्यात येऊन साठ वर्षं झाली होती, आल्वारेसचं पुस्तक तेहेतीस वर्षं बाजारात होतं. माहिती आली तरी नाव जात नाही, हे या एका कागदावर दिसतं. जर्मन अभ्यासक हियोब लुडोल्फनं १६८१ मध्ये इथिओपियाचा इतिहास लिहून या दंतकथेचा आणि त्या राज्याचा संबंध तोडला, तेव्हा कुठे पट्टी संपते.

जागा उरलीच तर एक पाटी झिंबाब्वेची. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथल्या दगडी बांधकामाविषयी ऐकलं आणि बायबलातल्या सोन्याच्या ओफिर देशाशी त्याची सांगड घातली गेली. १८७१ मध्ये जर्मन प्रवासी कार्ल माउख तिथे पोचला आणि त्यानं ते शेबाच्या राणीचं ठरवलं. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हरनं आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननातून ते आफ्रिकी लोकांनीच बांधल्याचं दाखवून दिलं. तरी तिथल्या गोऱ्या राजवटीला जुनीच गोष्ट सोयीची वाटत राहिली. ओफिर म्हणजे आपलं नालासोपारा, असंही काहींनी मांडलेलं आहे. ही पाटी पिवळीच ठेवा, कुणी कितीही आग्रह केला तरी.

हिरवी लोकर

आता एक मीटर हिरवी लोकर घ्या आणि अक्सुमपासून सरळ कोकण किनाऱ्यावर आणा. नव्वद सेंटिमीटरसुद्धा लागत नाही. लिस्बन ज्या देशाला स्वप्नात बघत होतं तिथली माणसं, म्हणजे हबशी, पंधराव्या शतकातच बहमनी दरबारात आणि फौजेत होती. मराठी वाचकाला मलिक अंबर ठाऊकच आहे: १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून विक्री, निजामशाहीचा कारभारी, १६२६ मध्ये मृत्यू. पाटीवर एवढंच लिहा आणि लाल लोकरीशेजारी ही हिरवी बघू द्या.

इथे एक चूक टाळा. खानापूर, हल्याळकडच्या सिद्दी समाजाला या लोकरीला बांधू नका. त्यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. सगळ्यांना अबिसिनियाचे ठरवणं म्हणजे आपण नवी दंतकथा रचणं. त्यांचे फोटो नमुना म्हणून लावू नका. कुणी सिद्दी वक्ता यायला तयार असेल तर त्याला दुपारच्या सत्रात बोलवा.

मंडपात काय बिघडतं

ग्रंथदिंडी आणि उद्घाटनाच्या वेळी कुणीही प्रदर्शन बघत नाही. खरी गर्दी जेवणाच्या सुट्टीत होते, आणि माणूस हातात ताकाचा पेला घेऊन चार मिनिटं थांबतो. म्हणून मुख्य चार टाचण्यांच्या पाट्या प्रत्येकी चाळीस शब्दांच्या आत. अक्षर किमान एक सेंटिमीटर उंच, वरच्या मात्रा आणि खालचे उकार सोडून. बाकीचा तपशील बाजूच्या टेबलावर पत्र्याच्या क्लिपांत ठेवा.

पाट्यांना मराठीखाली कन्नड ओळ द्या. गावातल्या शाळांत दोन्ही माध्यमांची मुलं असतात आणि दोन्हीकडचे मास्तर मुलं घेऊन येतात. कन्नड मजकूर कन्नड शिकवणाऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या. फोनवरचं भाषांतर ‘काराखिताई’चं काहीही करतं. मराठी ओळीत बेळगाव, कन्नड ओळीत बेळगावी, म्हणजे वाद टळतो.

पाट्या चिकटवायला मैद्याची खळ केलीत तर तीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर रात्रीत झुरळं आणि उंदीर पिवळं, पांढरं, निळं सगळं सारखंच खातात. मोरचूद विषारी आहे, भांडं पोरांपासून लांब ठेवा.

एखादा जाणता माणूस येऊन विचारेल, मग हा राजा खरा कुठला? माहिती सांगणाऱ्या पोरानं इथिओपियाकडे बोट दाखवायचं नाही. लाल लोकरीची चारही टोकं दाखवायची. दोन पोरं दोन-दोन तासांच्या पाळीनं पुरतात, पण त्यांना आदल्या संध्याकाळी पिवळी आणि पांढरी पाटी वेगळी करून म्हणायला लावा. पहिल्या खेपेला सगळी पोरं ११४१ ची लढाई जॉननंच जिंकली असं सांगतात.

उतरवताना

आधी लोकर, मग टाचण्या, मग पाट्या. लोकरी रंगवार तीन डब्यांत. पाट्यांच्या मागे पेन्सिलीनं आकडे घाला, नाहीतर पुढच्या गावी काळाची पट्टी उलटी लागते. कापड घडी करू नका, घडीच्या रेघा अंशांच्या रेघांत मिसळतात. तीन इंची पाइपावर चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, मध्ये डांबरगोळ्यांची पुरचुंडी टाका आणि सुती धोतरात बांधा. गुंडाळीच्या तोंडाशी एक चिठ्ठी अडकवा: ‘तीन ताव उभे, डावीकडे २०, उजवीकडे २१, वर १४, मिरी नवी आणावी.’